दिवाळीचा किल्ला राजगड : बालवर्गाच्या प्रकल्प नोंदी, २०२५

मुलं २२. त्यातली १० बालवर्गातली (५ ते ६ वर्षं), १२ पहिली-दुसरीतली. सोबत मोठी माणसं ४. जागा पुण्यातल्या एका वाचनालयाचं मागचं अंगण. शाळेत किल्ला करून उपयोग नसतो, वसुबारसेच्या आसपास सुट्टी लागते आणि ऐन दिवाळीत तो पाहायला कोणी उरत नाही. वाचनालयाचं अंगण सुट्टीतही उघडं असतं आणि शेजारीपाजारी सहज डोकावतात.

१४ सप्टेंबर, रविवार

आज किल्ला ठरवला. समोर तीन नावं होती. सिंधुदुर्गाला भोवती पाणी हवं, ते ताडपत्रीत आठवडाभर साठवलं तर डास होतात आणि काठावर लहान मुलं घसरतात. रायगडाचा माथा पसरट आहे, वर बाजारपेठ, राजवाडा, समाधी असं पुष्कळ काही दाखवावं लागतं. त्यात बारीक कामं वाढतात आणि ती शेवटी मोठ्यांनाच करावी लागतात.

राजगड घेतला, कारण त्याचा आकार हातावर दाखवता येतो. मूठ वळायची, ती बालेकिल्ला. अंगठा, तर्जनी आणि करंगळी ताणायची, त्या तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालचे तटबंदीचे सपाट भाग. अंगठा जाड म्हणून पद्मावती, ती रुंद आहे. तर्जनी लांब म्हणून संजीवनी. करंगळी सुवेळा. बालवर्गातल्या मुलांनी दोन मिनिटांत हे धरलं. घरी जाताना फाटकापर्यंत हाताचे राजगड चालले होते.

जागा मोजली : ८ फूट बाय ७ फूट. तीन माच्या तीन दिशांना जातात, त्यामुळे भिंतीला टेकवून हा किल्ला होत नाही, चारी बाजूंनी फिरायला दीड-दोन फूट वाट सोडावी लागते. दिशा खऱ्या ठेवायच्या असंही ठरलं, म्हणजे सुवेळा माची पूर्वेकडे. सकाळचं ऊन आधी तिच्यावर पडलेलं मुलांना रोज दिसेल.

स्पर्धेत नाव द्यायचं नाही. नाव दिलं की दोन दिवस आधी मोठ्यांचे हात आत शिरतात, बुरूज सरळ होतात आणि मुलं पाणी आणून देणारी होतात. बाजारातला तयार किल्लाही नको. तो ठेवायला पाच मिनिटं लागतात आणि त्यातून मूल एकही प्रश्न विचारत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

शब्दांचा दिवस. तट, बुरूज, माची, बालेकिल्ला, टाकं, सदर (कारभाराची बैठक), जंग्या (तटातली मारा करायची भोकं), चोरदरवाजा. हे शब्द फळ्यावर लिहून पाठ करून घेतले की आठवड्यात विसरतात. प्रत्येक शब्दाला अंगणातली एक जागा दिली. कट्टा म्हणजे माची, पाण्याची टाकी म्हणजे टाकं, मागचं अरुंद दार म्हणजे चोरदरवाजा, जाळीची भिंत म्हणजे जंग्या. ‘सगळे माचीवर’ म्हटलं की कट्ट्यावर धावायचं. वीस मिनिटांत आठही शब्द तोंडात बसले.

मग दरवाजाचा खेळ. फक्कीनं जमिनीवर दोन वाटा आखल्या. एक सरळ, दहा पावलं, समोर दार. दुसरी दोन बुरुजांच्या मधून वळून जाणारी, दार समोरून दिसतच नाही. दोन मुलांनी मिळून एक लांब उशी धरायची, तो हत्ती. सरळ वाटेनं हत्ती धावत येऊन दाराला धडकला. वळणाच्या वाटेवर त्याला थांबून वळावं लागलं, धाव मोडली, तेवढ्यात वरच्या चौघांनी कागदाचे गोळे मारले. रायगडाच्या महादरवाजापाशी हीच रचना आहे, तिला गोमुखी म्हणतात. हा खेळ झाल्यावर ‘दार लपवायचं कशाला?’ असं कोणी विचारलं नाही.

एक काळजी घ्यायलाच हवी. खेळातला शत्रू म्हणजे ‘किल्ला घ्यायला आलेलं सैन्य’, त्याला जात-धर्म चिकटवायचा नाही. मुलं घरून, मोबाइलवरून काहीबाही ऐकून येतात. महाराजांच्या आरमारात दौलतखान हे मोठे अधिकारी होते, हे त्याच वेळी, सहज सांगितलं. या अंगणात सगळ्या घरांतली मुलं येतात आणि किल्ला हा दिवाळीतला असा भाग आहे की त्यात कुणालाही हात घालता येतो. एका मुलाची आई मूळची बिहारची. त्यांच्याकडे दिवाळीत मुली मातीचं छोटं घर करतात, त्याला घरौंदा म्हणतात. पायथ्याच्या वस्तीत एक घरौंदा करायला त्यांना सांगितलं आहे.

काळ कसा समजावायचा? ‘साडेतीनशे वर्षांपूर्वी’ हे पाच वर्षांच्या मुलाला काहीच सांगत नाही. सुतळीला गाठी मारल्या. दर २५ वर्षांना एक गाठ, एक गाठ म्हणजे एक पिढी. पहिली गाठ तुझी आई, दुसरी आजी, तिसरी आजीची आई. १६७४ चा राज्याभिषेक ते २०२५, एकूण ३५१ वर्षं, १४ गाठी. गाठींमध्ये एक हात अंतर ठेवलं तर सुतळी अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. राज्याभिषेक रायगडावर झाला, त्याआधी बराच काळ राजधानी राजगड होती, म्हणून चौदाव्या गाठीच्या थोडं पुढे राजगडासाठी लाल चिंधी बांधली.

जाता जाता मातीचे तीन नमुने थापून ठेवले. तीन घमेली पालथी घालून त्यांवर वीतभर जाडीचा थर : एकावर शेतातली काळी माती, दुसऱ्यावर चाळलेली लाल माती, तिसऱ्यावर लाल माती आणि मूठभर भुसा, खाली गोणपाट. वळचणीला ठेवलेत.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस. अंगणात काहीच करता आलं नाही. नमुने पाहिले.

काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. ती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून वरच्या थराला ती कधीच चालत नाही, आत भरायला चालेल. नुसत्या लाल मातीला केसासारख्या भेगा, पण कडेचा एक पापुद्रा सुटून खाली पडला. गोणपाटावरची भुसा घातलेली माती शाबूत. वळचणीबाहेर सरकलेली तिची एक कड मात्र पावसानं धुऊन नेली होती, गोणपाटाचे धागे उघडे पडले होते. म्हणजे ताडपत्री लागणारच. १२ फूट बाय १० फूट हवी, मधे बांबू उभा करून तंबूसारखी. किल्ल्यावर आडवी टाकली तर तट मोडतो आणि खोलगट भागात पाणी साठून सगळं वजन किल्ल्यावर येतं.

आत बसून नकाशाचं काम केलं. यंदा ११ जुलैला मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले : साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी. मोठ्या नकाशावर डिंकानं बारा हरभरे चिकटवले. समुद्रात किंवा समुद्रकाठी असलेल्या किल्ल्यांना निळा हरभरा, डोंगरावरच्यांना तपकिरी. अकरा महाराष्ट्रात आले, बारावा खाली तमिळनाडूत. लगेच प्रश्न आला, ‘हा एवढ्या लांब कसा?’ महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिणेत जाऊन जिंजी घेतली आणि पुढे राजाराम महाराजांनी तिथूनच राज्य सांभाळलं. मुलांनी रायगडापासून जिंजीपर्यंत दोरा ताणून पाहिला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

घमेली ६, फावडी २, लहान थापी १०, चाळण्या २, खराटे २ धुऊन ओळीनं मांडले. ज्यांना फुलं वाहायची त्यांनी वाहिली. बालवर्गासाठी स्वयंपाकघरातले जुने कालथे आणले आहेत, लोखंडी थापी त्यांच्या मनगटाला जड जाते.

५ ऑक्टोबर, रविवार

सामान गोळा. याला आम्ही पूर्ण दिवस देतो, आणि तो द्यायलाच हवा. किल्ल्याचं अर्धं शिक्षण वस्तीतून सामान मागून आणण्यात आहे. मुलं पाच-सहाच्या टोळीनं, प्रत्येक टोळीबरोबर एक मोठं माणूस. काय मागायचं ते एका वाक्यात पाठ करून : ‘काका, आम्ही किल्ला करतोय, तुमच्याकडे रिकामं गोणपाट आहे का?’

गोणपाट तागाचंच हवं. किराणा दुकानात आता बहुतेक प्लॅस्टिकच्या विणलेल्या गोण्या मिळतात, त्यांना चिखल धरत नाही, वाळला की पापडासारखा सुटतो. बटाट्याच्या व्यापाऱ्याकडे तागाच्या १४ मिळाल्या. त्या मोठ्यांनी रस्त्याच्या कडेला झटकून आणायच्या, अंगणात झटकल्या की धुळीनं मुलं खोकत बसतात.

लाल माती रोपवाटिकेतून १८ घमेली. विटांचे तुकडे एका बांधकामावरून, दोन हातगाड्या. दगड प्रत्येक मुलानं एक, दोन्ही हातांत मावेल एवढा, घरून आणायचा. तो दगड कुठं बसला हे त्याला शेवटपर्यंत आठवतं. भुसा पाव पोतं. अळीव १०० ग्रॅम, मोहरी ५० ग्रॅम. नारळाच्या करवंट्या ४. गेरू अर्धा किलो.

आई-वडिलांना एक चिठ्ठी दिली : जुने कपडे, पायात चप्पल, नखं कापलेली, हातावर जखम असेल त्या दिवशी चिखलात हात नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

रचाई. फक्कीनं आकृती आखली. मधे बालेकिल्ल्याचा लंबगोल, तिथून तीन माच्या. उंची बालेकिल्ल्याला अडीच फूट, माच्यांना सव्वा फूट. खऱ्या प्रमाणात ही उंची जास्त आहे, पण कमी ठेवली तर बालेकिल्ला माचीतून उठलेला दिसत नाही.

आखणी झाल्यावर कळलं की संजीवनीचं टोक नळाच्या वाटेवर जातंय. बादली नेणाऱ्यांचे पाय तिला दिवसातून वीस वेळा लागले असते. सगळी आकृती दीड फूट ईशान्येला सरकवली. फक्की पुसायला दहा मिनिटं लागली. विटा रचल्यावर लक्षात आलं असतं तर दिवस गेला असता.

रचताना तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, प्रत्येक थर आत झुकलेला. मधल्या पोकळीत काळी माती आणि बारीक खडी ठासायची. पोकळी भरायला पुठ्ठ्याची खोकी घालायचा मोह होतो, घालू नयेत. ओल्या चिखलानं खोकं दुसऱ्या दिवशी बसतं आणि वरचा बालेकिल्ला सहा इंच खचतो. तेच थर्मोकोलचं. ते खचत नाही, पण हलकं असल्यानं विटांचा भार एका बाजूला सरकतो.

प्रत्येक थरानंतर मोठ्या माणसानं तळहातानं दाबून पाहायचं. हलला तर उतरवून पुन्हा. आज बालेकिल्ला दोनदा उतरवला. सात वर्षांच्या मुलांना उतरवायचं वाईट वाटत नाही, वाईट मोठ्यांनाच वाटतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

गोणपाट. पातळ चिखलाचं प्रमाण : अर्धी बादली पाणी, त्यात चाळलेली लाल माती हातानं सोडत जायची, धिरड्याच्या पिठाइतकं झालं की थांबायचं. गोणपाटातून ठिबकत राहिलं पाहिजे, धार लागली तर फार पातळ. पहिल्या बादलीला मुलांनी माती आधी आणि पाणी नंतर घातलं, तळाशी गोळे राहिले. ते फोडायला अर्धा तास गेला. पाणी आधी.

गोणी उसवून सपाट करायची, चिखलात बुडवून दोन मिनिटं दाबून धरायची, मग चौघांनी चार टोकं धरून रचाईवर पांघरायची. इथं खरं काम आहे ते चुण्यांचं. गोणपाट ताणून गुळगुळीत बसवलं तर किल्ला उशीसारखा दिसतो. उभ्या चुण्या घातल्या की कडे दिसतात, तिरक्या घातल्या की सोंडा. बालेकिल्ल्याच्या कडेला चुण्या घट्ट आणि उभ्या, माच्यांच्या उतारावर सैल. एका मुलीनं दोन गोण्यांची कड वरच्या वर जोडली होती, ती वाळताना उघडली असती. किमान चार बोटं एकावर एक यायला हवीत, आणि वरची गोणी खालचीवर, कौलांसारखी, म्हणजे पाणी आत शिरत नाही.

टोकं दगडाखाली खोचली. एकही धागा सुटा राहता कामा नये, पुढे पणत्या येणार आहेत.

सुवेळा माचीवर नेढं आहे, कातळाला आरपार पडलेलं भोक. ते नंतर कोरता येत नाही. तिथं रचाईतच प्लॅस्टिकच्या नळाचा चार इंचाचा तुकडा आडवा घालून ठेवला होता, गोणपाटाला तेवढंच छिद्र पाडून कड चिखलानं आत वळवली. मुलं आत्ताच पलीकडून डोळा लावून बघताहेत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दुसरा थर, खराट्यानं. चिखल आज थोडा जाड, भुसा दोन मुठी. कालच्या भेगांत बोटानं भरला. ताडपत्री रात्री उघडी ठेवली, कारण बंद ठेवली तर वाळत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तट आणि पेरणी एकाच दिवशी. आधी तट, मग बी, उलट केलं तर उगवणारं बी हाताखाली मरतं.

तटासाठी माती पोळीच्या कणकेइतकी घट्ट. मुलांनी पाटावर बोटाएवढ्या जाड वळ्या वळल्या, बालवर्गाला हे काम उत्तम येतं. वळी नुसती ठेवली तर वाळून सुटते आणि सरळ दांड्यासारखी खाली घरंगळते. खालचा भाग काडीनं खरवडायचा, पाणी लावायचं, वळीच्या बुडालाही ओरखडे काढायचे, मग दाबायची. बुरुजासाठी वळी गोल गुंडाळायची. बाटलीची झाकणं बुरूज म्हणून लावायची नाहीत, त्यांना चिखल धरत नाही आणि तटाशी सांधा जुळत नाही. माती अर्धवट वाळल्यावर आगपेटीच्या काडीनं जंग्या पाडल्या, आतून बाहेर आणि खाली उतरत्या. एकानं विचारलं, तिरक्या कशाला? त्याला तटामागे डोळा लावायला सांगितलं. खाली ठेवलेला खडा दिसला, लांबचं झाड दिसलं नाही. हल्ला करणारा तटाच्या पायथ्याशी येतो, तो दिसायला हवा.

संजीवनीला दुहेरी तट आहे. दोन वळ्या, मधे बोटभर जागा. बाहेरचा पडला तरी आतला उभा. ही गोष्ट मुलांनी करून पाहिली : बाहेरची वळी मुद्दाम एका जागी ढकलली, आतली तशीच राहिली. मग ती जागा दुरुस्त केली.

दरवाजे चारच दाखवायचे ठरलं. पद्मावती माचीवर पाली आणि गुंजवणे दरवाजा, चोरदरवाजाही तिकडेच. संजीवनीकडे अळू दरवाजा. पालीची वाट रुंद पायऱ्यांची, म्हणून तिला विटेच्या चिपा. चोरदरवाजाला नुसता सुतळीचा वर चढणारा धागा, कारण ती वाट तशीच अवघड आहे. पद्मावती तळ्यासाठी करवंटी माचीत पुरली, कडेला मातीचा काठ. नुसत्या मातीचा खळगा पाणी पिऊन टाकतो आणि माची आतून भिजते.

मग झारीनं बालेकिल्ल्यावर पाऊस पाडला, पाव तांब्या. पाणी उतारानं खाली पळालं, करवंटीत थोडंसं आलं. ‘उन्हाळ्यात वरचे लोक काय पितील?’ तीन मुलांनी न सांगता आणखी करवंट्या मागितल्या. दोन लागल्या, तिसरीला जागा नव्हती. गडावर टाकी खोदली की पाणी साठतं आणि निघालेला दगड तटाला लागतो, हे त्याच वेळी सांगितलं.

पेरणी. अळीव पाण्यात अर्धा तास भिजवलं की त्याला बुळबुळीत थर येतो, त्यामुळे ते उभ्या उतारालाही चिकटतं. मोहरी घरंगळते, ती पायथ्याच्या शेतासाठी. एका चौरस फुटाला भिजवण्याआधीचं अळीव एक मोठा चमचा पुरे. दाट पेरलं की मुळं एकमेकांना उचलून गालिच्यासारखी सोलून येतात. कड्यांवर बी नको, खऱ्या डोंगरातही कातळ उघडाच असतो. तिथं गेरूचा हात.

तारीख जपून धरावी लागते. अळीव दुसऱ्या दिवशी मोड काढतं, चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं दिसतं, आठव्या-नवव्या दिवसानंतर लोळतं. १४ ला पेरलं की १९ ते २२ भर हिरवं. दसऱ्यानंतर लगेच पेरणाऱ्यांचा किल्ला लक्ष्मीपूजनाला पिवळा पडलेला असतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी चिमण्या आणि मुंग्या दोन्ही. उतारांवर ओलं सुती फडकं पांघरलं, मोड दिसले की काढायचं. मुंग्यांसाठी पायथ्याभोवती हळदीची जाड रेघ, ओली झाली की पुन्हा घालावी लागते.

पाणी फवाऱ्यानंच, सकाळ-संध्याकाळ, दोघांची पाळी. कुणीतरी तांब्यानं घातलं आणि पद्मावतीच्या उतारावर बोटभर चर पडला. चिखलानं बुजवून तेवढ्याच जागी पुन्हा बी.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

अळीव पांढरट हिरवं. पहिली पणती आज. गाय-वासराची मातीची जोडी पायथ्याच्या गावात, गोठ्यात. पायथा बालवर्गाचा : शेत, विहीर, घरौंदा, बाजार. त्यांनी ट्रॅक्टर आणला, तो राहू दिला. पायथ्याचं गाव आजचं आहे, गड तेव्हाचा आहे, ही रेघ त्यांना मान्य आहे आणि तीच पुरे.

चित्रं मांडली. कुंभारवाड्यातून मावळे १२, घोडेस्वार २, भालदार ४, गवळण, वाणी, शेतकरी. दोन गोष्टी नेहमी अडतात. एक, आकार. चार इंचांचा मावळा तीन इंचांच्या दरवाजातून कसा जाणार, असं सहा वर्षांचं मूल विचारतंच. लहान चित्रं (दीड-दोन इंच) गडावर, मोठी पायथ्याला आणि बाहेर. जवळचं मोठं, लांबचं लहान दिसतं, एवढं सांगून भागतं. दोन, सिंहासनावरचे महाराज. ते सगळ्याच किल्ल्यांच्या माथ्यावर बसवतात, पण सिंहासन रायगडावरचं. राजगडावर पद्मावती माचीत सदर केली आणि तिथं बैठकीचं छोटं चित्र ठेवलं. सिंहासनाचं मोठं चित्र किल्ल्यासमोर वेगळ्या ओट्यावर. दुसरीतली मुलं हा फरक येणाऱ्या प्रत्येकाला सांगताहेत.

मावळे ओळीनं उभे करू नयेत. प्रत्येक मुलाला एक मावळा दिला आणि त्याचं काम विचारलं. मग जागा. कोणी दरवाजावर, कोणी सुवेळाच्या टोकाला टेहळणीला, कोणी तळ्यावर पाणी भरायला. ‘हा झोपलाय, याची रात्रीची पाळी होती,’ असंही एक उत्तर आलं. तो मावळा सदरेमागे आडवा आहे.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

हिरवळ बोटभर. पणत्या १६, सगळ्या फरशीच्या तुकड्यांवर, तटापासून एक वीत लांब. वाळलेलं गोणपाट पेटतं, हे मुलांना दाखवावं : मोठ्यांनी लांब नेऊन एक धागा पेटवून दाखवला. वाळूची बादली, पाण्याची बादली, दोन्ही जागेवर. किल्ल्याजवळ फटाके नाहीत.

२२ ऑक्टोबर, पाडवा

वस्तीला बोलावलं. भाषणं पाठ करून घेतली नाहीत. प्रत्येक मूल आपल्या जागेपाशी उभं, पाहुण्यानं एक प्रश्न विचारायचा. प्रश्नांच्या चिठ्ठ्या दारात ठेवल्या होत्या : पाणी कुठं साठतं? शत्रू इथून का येणार नाही? हा तट दोनदा का? ऊन आधी कुठं पडतं? २२ पैकी १९ मुलांनी हात लावून, दाखवून उत्तरं दिली. तिघं बोलली नाहीत, पण त्यांतल्या एकानं करवंटीत पाणी ओतून दाखवलं. ते उत्तरच आहे.

सन कोणालाच आठवले नाहीत, दुसरीतल्या दोघांचा अपवाद. गाठींची सुतळी मात्र सगळ्यांना आठवली. पुढच्या वर्षी सन बालवर्गाला सांगणार नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

उतरवणी. काही ठिकाणी किल्ला बॉम्ब लावून उडवतात, इथं हातानं. वरून खाली, रचल्याच्या उलट क्रमानं. चित्रं आधी : खराट्याच्या काडीनं माती झाडून, वर्तमानपत्रात एक-एक गुंडाळून, कापसाच्या थरात दोन खोक्यांत. खोक्याबाहेर, आत काय आहे त्याची चिठ्ठी. चार मावळ्यांचे भाले मोडले, डिंकाऐवजी ओली माती आणि गेरूनं जोडले. गोण्या धुऊन वाळत, १४ पैकी ११ पुढच्या वर्षी चालतील. अळिवाची मुळं असलेली माती वाचनालयाच्या कुंड्यांत. विटा भिंतीकडेला. दगड ज्याचे त्यानं नेले, दोन मुलांनी आपापले ओळखून भांडून घेतले.

१६ नोव्हेंबर, रविवार

लोहगड, पालकांसह. राजगड या वयाला झेपत नाही, लोहगडाला बांधीव पायऱ्या आहेत आणि तोही त्या बारांतला. लोहगडवाडीतून सकाळी आठला सुरुवात. प्रत्येकाकडे अर्धा लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, टोपी. चार मुलांमागे एक मोठं माणूस, उतरताना मोठं माणूस पुढे.

गणेश दरवाजाकडे जाणारी वाट वळते. पुढचं दार मागच्या दारातून दिसत नाही. पहिलीतला एक मुलगा तिथंच थांबला आणि मागच्यांना हात करून म्हणाला, ‘उशी थांबवा!’ मग सगळी दारं मोजली गेली : गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा. प्रत्येक जंगीला डोळा लावून खाली काय दिसतं ते पाहिलं, त्यामुळे चढायला ठरल्यापेक्षा तास जास्त लागला. विंचूकाटा ही लोहगडाची लांब, अरुंद माची, तिच्या टोकापर्यंत लहान मुलांना नेलं नाही, वारा फार होता, वरूनच दाखवला. दोघा-तिघांनी लगेच बोट ताणून हात पुढे केला, मूठ वळलेली.